चूल कुणाची?

पोलंड हा देश आमच्या घरी आला तो आजीच्या दुधाच्या किटलीबरोबर. शाळेत भूगोल सुरू व्हायच्या कितीतरी आधी मला पोलंडच्या बायका माहीत होत्या. त्या उंच होत्या, डोक्याला रुमाल बांधायच्या, दूध घेताना त्यात बोट बुडवून बघायच्या आणि पैसे वेळच्या वेळी, मोजून द्यायच्या. हे सगळं आजीच्या तोंडून ऐकलेलं.

कोल्हापूरहून मिरजेकडं जाणाऱ्या रेल्वेच्या कडेला वळिवडे नावाचं गाव आहे. तिथल्या माळावर १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांची छावणी बसली. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. आमचं गाव तिथून पहाटे निघून, दूध घालून न्याहारीपर्यंत परत येता येईल इतक्या अंतरावर. आजी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, वय पंधरा म्हणा, सोळा म्हणा. तिच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. ‘मोठा पूर आला त्या साली’ एवढंच तिला ठाऊक.

आमच्या दारात तेव्हा दोन म्हशी होत्या आणि छावणीत दूध जायला लागलं तशी तिसरी आली, असं आबा, म्हणजे आमचे आजोबा, सांगायचे. सांगता सांगता कधी तिसरीची चौथीही व्हायची. आजी मात्र ठाम होती, ‘तीनच.’ दुधाबरोबर ती अंडी न्यायची, पाटीत मेथीच्या जुड्या न्यायची. मेथी त्या बायका कधी घ्यायच्या नाहीत. बटाटा, कांदा, कोबी आणि बीट मात्र हातोहात खपायचं. आमच्याकडं बीट तोवर कुणी फारसं खात नव्हतं.

ही माणसं आली कुठून आणि का, याची आबांची स्वतःची एक कथा होती. त्यांच्या मते जर्मनांनी यांना हाकललं, म्हणून ती बोटीत बसली ती थेट मुंबईला उतरली. निम्मी गोष्ट त्यांनी चावडीवर ऐकलेली असावी, निम्मी स्वतः जुळवलेली. पुढं मी विस्थापितांच्याच अभ्यासात आयुष्य घातलं, तेव्हा खरी वाट कळली आणि ती आबांच्या कथेपेक्षा कितीतरी लांबची निघाली.

१९३९च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलरनं आणि पूर्वेकडून स्टालिननं पोलंड वाटून घेतला. वळिवड्याला आलेली बहुतेक माणसं त्या पूर्व भागातली. १० फेब्रुवारी १९४०ला, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, सोव्हिएत शिपायांनी दारं ठोठावली. सामान बांधायला जेमतेम वेळ दिला आणि घरंच्या घरं मालगाडीत भरली. कुणी सायबेरियाच्या जंगलात झाडं तोडायला गेलं, कुणी कझाकस्तानच्या माळावर. अशा गाड्या पुढंही सुटत राहिल्या, १९४१च्या जूनपर्यंत. मग जर्मनी रशियावरच उलटला. ३० जुलै १९४१ला लंडनमध्ये आसऱ्याला असलेल्या पोलिश सरकारचा रशियाशी करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातूनच सैन्य उभं केलं. १९४२ साली ते सैन्य आणि त्याच्या मागोमाग बायकापोरं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सगळी मिळून लाखाच्या वर माणसं. टायफस, हगवण आणि उपासमार यांनी किती जण वाटेतच गेले.

इराणमधून त्यांची पांगापांग झाली. कुणी पूर्व आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, काही पोरकी मुलं न्यूझीलंडला. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. हिंदुस्थानात आलेल्या बाकीच्या कुटुंबांसाठी मोठी जागा हवी होती, ती कोल्हापूर संस्थानात मिळाली. राजाराम महाराज १९४०च्या अखेरीस वारले होते, गादीवर दत्तक घेतलेलं लहान मूल होतं आणि कारभार रीजन्सीकडं होता. आसपासच्या खेड्यांत मात्र एवढंच माहीत, की माळावर कौलारू चाळींच्या रांगाच्या रांगा उठल्या आणि एक दिवस रेल्वेतून गोरी माणसं उतरली.

आजी त्यांच्यात जायला आधी घाबरायची. साहेबाच्या रंगाची माणसं आणि पायात धड जोडा नाही, हे तिनं कधी बघितलं नव्हतं. साहेब म्हटला की घोडा, टोपी, शिपाई. इथं तर बायका बादल्या घेऊन नळावर उभ्या. तिची भीती गेली ती एका म्हाताऱ्या बाईमुळं. आजी उन्हातून आली की ती बाई आधी तिला बसायला लावायची, पाणी द्यायची आणि मगच दूध मापून घ्यायची. भाषेचा प्रश्न दोघींनी हातवाऱ्यांवर सोडवला. त्या बाईचं नाव आजीला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. ती तिला ‘म्हातारआक्का’ म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणत मोठे झालो.

म्हातारआक्काच्या घरी तिची सून होती, दोन नातवंडं होती. मुलगा लढाईवर. आता या ठिकाणी आमच्या घरची गोष्ट तिच्या घरच्या गोष्टीला येऊन मिळते. आजीचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, मराठा पलटणीतून इटलीत गेले होते. म्हातारआक्काचा मुलगाही अँडर्सच्या सैन्याबरोबर इटलीतच. मे १९४४मध्ये पोलिश सैनिकांनी मोंते कासिनोचा डोंगर घेतला. त्याच इटलीत जुलैमध्ये आपले यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. छावणीतल्या एका दुकानदाराला थोडं इंग्रजी, थोडं मराठी येत होतं. त्याच्याकडून या दोघींना कळलं, की आपली दोघींची माणसं एकाच मुलखात लढताहेत. तेव्हापासून आजी दूध घालायला गेली की म्हातारआक्का आधी हातानंच विचारायची, पत्र आलं का? आजी मान हलवायची. मग आजी विचारायची आणि म्हातारआक्का मान हलवायची.

मामाआजोबा परत आले. त्यांच्या मांडीत गोळीचा व्रण होता आणि आम्ही पोरं तो बोटानं दाबून बघायचो. म्हातारआक्काच्या मुलाचं काय झालं, याच्या मात्र आजीकडं दोन गोष्टी होत्या. कधी म्हणायची तो आला आणि सगळ्यांना घेऊन विलायतेला गेला. कधी म्हणायची खबर आली आणि त्या दिवशी दूध कुणीच घेतलं नाही. मी माझ्या वहीत दोन्ही लिहून ठेवल्या आहेत, तारखा घालून. आजीला त्यातली एक निवडायला लावावी असं मला कधी वाटलं नाही.

आजीनं जे डोळ्यांनी बघितलं ते मात्र तिनं आयुष्यभर एकाच पद्धतीनं सांगितलं. त्यात चूल मुख्य. वळिवड्याच्या छावणीत अनाथ मुलांचा भटारखाना वेगळा होता, पण कुटुंबांना आपापल्या खोल्या आणि आपापली स्वयंपाकाची जागा होती. महिन्याला भत्ता मिळायचा, त्यातून बाजारहाट करून ज्यानं त्यानं शिजवायचं. लांब चाळी, मधे पडद्या, पुढं पडवी, वर कौलं. पडवीपुढं एकेकीनं फुलझाडं लावलेली. पहिल्या काही दिवसांत आजीनं बघितलं, की म्हातारआक्काची सून शेगडी पेटवून तिच्यापुढं नुसती बसलेली असायची. वर काही ठेवलेलं नाही, निखारे फुललेले आणि ती बघत बसलेली. आजीला वाटलं, बाईला काही बाधा झाली असेल. म्हातारआक्कानं आजीला खुणांनी समजावलं: रांग, वाडगा, पळीभर पाणचट सार, पुन्हा रांग. तीन वर्षं त्या सुनेनं दुसऱ्याच्या पळीनं वाढलेलं खाल्लं होतं.

‘पोटाला मिळालं म्हंजे माणूस जगतंय खरं,’ आजी म्हणायची, ‘पर चूल आपली असल्याबिगर घर होत न्हाई. कुणी कुठं बी जाऊ दे, आदी बग, चूल कुणाची.’

त्या सुनेच्या चुलीवर काय काय शिजायचं याची आजीला फार गोडी. बीटाचं आंबट सार, वरून साय. बटाट्याचं पुरण भरून उकडलेल्या करंज्या, त्यांना ती लोकं पिएरोगी म्हणत, हे मला पुढं पुस्तकातून कळलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आजीला त्यांनी आत बोलावलं होतं. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी घास घेतला नाही. मेजावरच्या चादरीखाली वाळलेलं गवत पसरलेलं आणि एक ताट जास्तीचं मांडलेलं. हे कुणाचं, तर वाट चुकून येईल त्याचं. आजीला ते ताट फार आवडलं. आमच्या घरी बीटाचं ते सार अजून होतं, सायीऐवजी ताक घालून, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन. त्याला आम्ही ‘पोलंडचं कालवण’ म्हणतो. म्हातारआक्कानं खाल्लं असतं तर फोडणीला नाक मुरडलं असतं, असं आजीच म्हणायची.

छावणीत पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, बालवीर-वीरबालांची पथकं होती, नाटकं व्हायची. क्षयाचे रोगी पाचगणीला पाठवत. १९४६मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली मुलंही वळिवड्याला आली. एका पोलिश मुलीनं कोल्हापूरच्या मुलाशी लग्न केलं आणि ती कोल्हापूरचीच झाली, ही गोष्ट तर आमच्या लहानपणी गावोगाव सांगत.

लढाई संपली तेव्हा आबांना वाटलं, आता ही मंडळी जातील आणि दुधाचा धंदा बसेल. पण ती जाईनात. त्यांचा मुलूखच त्यांचा राहिला नव्हता. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला तीन मोठ्यांनी बसून पोलंडची पूर्वेची सरहद्द सरकवली आणि या लोकांची गावं रशियात गेली. जुलैमध्ये त्यांच्या लंडनच्या सरकारची मान्यताही इंग्रजांनी काढून घेतली. जिंकलेल्या बाजूनं लढून घर गमावलेली ही माणसं. पुढं ब्रिटननं १९४७ साली पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला, सैनिकांची कुटुंबं तिकडं गेली. कुणी आफ्रिकेच्या छावण्यांत, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिकेला, थोडी पोलंडलाही. १९४८मध्ये वळिवड्याचा माळ रिकामा झाला.

रिकामा राहिला मात्र नाही. त्याच चाळींत सिंधी निर्वासित आले. कराची या दोघांच्याही वाटेवर. पोलंडची माणसं कराचीत उतरून इकडं आली होती, सिंधी मंडळी कराचीतून कायमची निघाली होती. फाळणीनंतर बोटी भरभरून सिंधी कुटुंबं मुंबईला आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत हजारोंनी राहिली, त्याचंच पुढं उल्हासनगर झालं. त्यातलीच काही कुटुंबं कोल्हापूरकडं आली. वसाहतीला नाव पडलं गांधीनगर.

आजीची किटली पुन्हा निघाली. तेच दार, तीच पडवी, आत माणसं निराळी. आता दुधाबरोबर पालक आणि चुका खपायला लागला, कारण साई भाजीला तो लागतो. डाळ-पकवान, कोकी, उन्हात घातलेले पापड. सिंधी घरातली एक म्हातारी मला पुढं सांगायची, ‘आम्ही आलो तेव्हा दारात फुलझाडं होती. कुणी लावली ते कुणालाच माहीत नव्हतं. पाणी घालत राहिलो.’ तिच्या घरी जमीन कधीच नव्हती, व्यापाराचं घराणं. नवरा खांद्यावर कापडाचं गाठोडं टाकून गावोगाव हिंडला. आज कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पार तळकोकणातून लग्नाचा बस्ता बांधायला लोक गांधीनगरला येतात. माझ्या लग्नाचा बस्ताही तिथलाच. शालू बघता बघता दुकानदाराच्या आईशी गप्पा सुरू झाल्या आणि आमच्या आईनं शेवटी मला दंडाला धरून उठवलं.

पुण्याला विद्यापीठात गेले तेव्हा मला समाजशास्त्रात नेमकं काय करायचं आहे हे ठाऊक नव्हतं. एका दुपारी ग्रंथालयात इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांचा कोयना धरणाच्या विस्थापितांवरचा अहवाल हाती आला. डेक्कन कॉलेजनं १९६९ साली छापलेला. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई मला माहीत होत्या. वाडीवाडीला, घराघराला जाऊन कुणाला जमीन मिळाली, कुणाला नाही, कोण कुठं गेलं हे विचारणाऱ्या इरावतीबाई नव्या होत्या. वाचता वाचता वाटलं, हे तर आजीच्या दुधाच्या फेरीसारखंच काम आहे, दारोदार जायचं आणि आत काय चाललंय ते बघायचं. विषय तिथं ठरला.

कोयनेचं खोरं म्हणजे जावळीचा मुलूख. धरण झालं, शिवसागर भरला, आणि खोऱ्यातली माणसं सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली. त्याच्याही चाळीस वर्षं आधी मुळशीला टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१मध्ये सत्याग्रह झाला होता, सेनापती बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती तिथं. म्हणजे आपल्या सह्याद्रीत हे दुखणं जुनं. मी कोयनेच्या माणसांच्या सपाटीवरच्या एका वसाहतीत गेले. एका म्हाताऱ्या बाईनं चहा टाकला. तुऱ्हाट्या एकेक करून चुलीत सारत होती, जपून. मी माझी छापील प्रश्नावली काढली: जमीन किती बुडाली, किती मिळाली, गुरं किती, घर कौलारू की पत्र्याचं. ती उत्तरं देत गेली. मग मी वही मिटली आणि विचारलं, ‘मावशी, इथं आलात त्या दिवशी काय शिजवलंत?’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘काय शिजवनार? जळान कुठं हुतं?’

आणि मग सुटलीच. वर खोऱ्यात वरी, नाचणी, भात. इथं ज्वारी. ज्वारीची भाकरी तिच्या हातून थापताना चिरायची, सासू म्हणायची तुझ्या हातात काय राहिलं नाही. वर रान दाराशी, मोळी बांधायची आणि यायचं. इथं बांधावरची काटकी उचलली तर शेतकरी धावून यायचा. जळण विकत घ्यायचं असतं हे तिला पन्नाशीत कळलं. शेजार तुटला तो वेगळाच. जावा एका तालुक्यात, भावकी दुसऱ्या जिल्ह्यात, मीठ मागायला कुणाच्या दारात जायचं? सरकारी कागदावर तिचं कुटुंब ‘पुनर्वसित’ होतं. कागद खोटा नव्हता. जमिनीचा तुकडा मिळालेला होता, घर उभं होतं. त्या कागदात चूल नव्हती.

त्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी मी पहिला प्रश्न हाच विचारत आले: पहिल्या दिवशी काय शिजवलंत, आणि जळण, पाणी, मीठ कुठून आणलंत? माझ्या विद्यार्थ्यांनाही मी तेच सांगितलं. आकडे नंतर घ्या, आधी स्वयंपाकघरात बसा. त्या एका प्रश्नातून जमीन येते, जंगलाचा हक्क येतो, शेजार येतो, बाईच्या हाताला आलेलं परकेपण येतं.

हा माझा एकटीचा शोध नाही. झांबेझी नदीवर करिबा धरण झालं तेव्हा ग्वेंबे टोंगा लोकांपैकी ५७ हजार माणसं उठवली गेली. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे दोघे अभ्यासक त्यांच्याकडं वर्षानुवर्षं, म्हातारपणापर्यंत जात राहिले. त्यांच्या ध्यानात आलं, की उठवलेली माणसं पहिली काही वर्षं ओळखीच्या गोष्टींना घट्ट धरून बसतात. तेच शेजारी, तेच देव, तेच खाणं. नवं काही करायची ताकद त्यानंतर येते. जागतिक बँकेत काम केलेल्या मायकेल चेर्निया यांनी विस्थापनातल्या आठ धोक्यांची यादी केली. त्यात जमीन आणि घर जाण्याबरोबर गायरान-जंगलासारखी सामाईक मालमत्ता जाणं आणि समाजाची वीण उसवणं हेही मोजलं. ते वाचताना मला तुऱ्हाट्या जपून सारणारा तो हात दिसत होता.

बार्बरा हॅरेल-बाँड या बाईंचं ऋण मी सर्वांत मोठं मानते. १९८२मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला निर्वासितांच्या अभ्यासाचं केंद्र सुरू केलं. दक्षिण सुदानात आलेल्या युगांडाच्या निर्वासितांमध्ये राहून त्यांनी १९८६ साली जे पुस्तक लिहिलं, त्याचा सगळा रोख मदत करणाऱ्यांवर होता. निर्वासितांना न विचारता वरून लादलेली मदत त्यांना लुळं करते, ती माणसं मुळात लुळी नसतात, असं त्या सांगत होत्या. दुसऱ्याच्या पळीनं वाढलेलं खाणं म्हणजे काय, ते मला वळिवड्याच्या सुनेनं आधीच सांगितलं होतं. हॅरेल-बाँडबाईंनी त्याला शास्त्राचं बळ दिलं.

मग वळिवड्याच्या माणसांना चूल मिळाली आणि कोयनेच्या माणसांना का मिळाली नाही? या प्रश्नाशी मी बरीच वर्षं झगडले. कोल्हापूरच्या लोकांचा जिव्हाळा खरा होता, आजीसारख्यांच्या ओंजळीतून तो पोचलाही. पण पोलंडच्या माणसांमागं एक सरकार होतं, परागंदा का होईना. छावणीचा खर्च ते पेलत होतं, मुंबईत त्यांची वकिलात होती, किरा बानासिन्स्का यांच्यासारखी रेडक्रॉसची बाई रात्रंदिवस झटत होती. युद्धात ते इंग्रजांचे दोस्त होते. छावणीचा कमांडंट पोलिश, शिक्षक पोलिश. त्यांच्याबद्दलचे निर्णय घेताना त्यांच्यातलं कुणीतरी खोलीत होतं. कोयनेच्या वाड्यांतलं कुणीही त्या खोलीत नव्हतं. ज्यांच्या विजेच्या दिव्यांसाठी त्यांनी गाव सोडलं, त्यांनीही कधी विचारलं नाही. महाराष्ट्रानं १९७६मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, पुढं तो सुधारला, नव्या गावठाणात पाणी, शाळा, रस्ता, स्मशान द्यावं असं त्यात आलं. ते चांगलंच झालं. ते आपसूक आलं नाही, धरणग्रस्तांनी रस्त्यावर बसून मिळवलं. कोयनेची माणसं आजही आपल्या हक्कासाठी बसतात.

निर्वासितांची गोष्ट याहून नाजूक. १९५१च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलेली नाही, आणि आपल्याकडं निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. वळिवड्याच्या वेळी तर तो करारच नव्हता. आलेल्याला कसं ठेवायचं हे आपण दर वेळी नव्यानं ठरवत आलो. पूर्व बंगालमधून उठून चामोर्शी-मुलचेऱ्याच्या रानात आलेली बंगाली कुटुंबं तिथं भात पिकवू लागली, तळ्यात मासे पाळू लागली, आणि त्यांच्या घरी मोहरीच्या तेलाचा वास येऊ लागला. पूर्व विदर्भातल्या गोठणगावला १९७२ साली तिबेटी वसाहत झाली. बर्फातली माणसं, आणि ऊन तिथलं. मी गेले त्या दिवशी एका आजीनं मला लोण्या-मिठाचा चहा दिला. घामानं दोघीही भिजलेल्या, पण चहा तोच हवा. तिनं कपात पुन्हा ओतलं तेव्हा मला कोल्सनबाईंची आठवण झाली. थंडीत आपल्या गावोगावी स्वेटर विकायला येतात ती याच लोकांची पोरंबाळं. स्वेटर घेताना त्यांना गाव विचारा. तिबेटही सांगतात आणि गोठणगावही, दोन्ही अभिमानानं.

आता मी निवृत्त झाले आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. वॉर्साला वळिवड्याच्या छावणीचं स्मारक उभं राहिलं आणि ऑगस्ट २०२४मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. ती बातमी बघताना माझा ऊर भरून आला. आजी असती तर तिनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले असते. शिवसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसाठी मात्र कोणत्याही राजधानीत शिळा नाही. त्यांची आठवण फक्त माणसांत आहे, आणि ती माणसं थकत चालली आहेत. गांधीनगरच्या चाळींत पाळण्याच्या वयात आलेली सिंधी मुलं आज पंचाहत्तरीपुढं आहेत. कोयनेतून आईच्या कडेवर उतरलेली पोरं आजोबा झाली आहेत.

तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल. कुणी ब्रह्मदेशातून पायी आलेलं, कुणी पानशेतच्या पुरानंतर पुण्यात गोखलेनगरला राहायला गेलेलं, कुणी धरणात गाव गेलेलं. त्यांना जमिनीचं विचारा, पण आधी चुलीचं विचारा. पहिल्या रात्री काय शिजलं, पातेलं कुणाचं होतं, पाणी किती लांबून आणलं, पहिल्यांदा उसनं कुणी दिलं आणि ते तुम्ही फेडलंत कशात? ती उत्तरं ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं लिहा. दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा. खाली गावाचं नाव आणि साल घाला. पुढचं धरण होईल, पुढची सरहद्द पेटेल, पुन्हा माणसं बोचकी घेऊन कुठल्यातरी माळावर उतरतील. त्यांची व्यवस्था करायला जे कुणी टेबलाशी बसतील, त्यांच्यापुढं आपल्या आज्यांचे हे जबाब ठेवायला हवेत, म्हणजे घरांच्या नकाशात चुलीची जागा आधी आखली जाईल.